लसीच्या छायेचा नकाशा

२०२२च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतील गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवराची साथ उद्भवली, लहान मुले दगावली, चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात जादा खाटांची तजवीज करावी लागली आणि पाठोपाठ पालिकेच्या अन्य विभागांतही रुग्ण आढळू लागले. तेव्हा ज्या शहरात गोवराची लस पालिकेच्या दवाखान्यात विनामूल्य मिळते तेथे हे घडलेच कसे, असा प्रश्न अनेक सुशिक्षित माणसांना पडला. त्याचे उत्तर शहरातील लसीकरणाच्या एकंदर टक्केवारीत सापडत नाही. ज्या समाजाला लसीचे कवच नाही तेथे गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना बाधा देऊ शकतो. म्हणून शंभरातील ९५ मुलांना तरी लस मिळालीच पाहिजे, असे शास्त्र सांगते. परंतु उरलेली पाच मुले अंधेरीपासून मुलुंडपर्यंत विखुरलेली असणे आणि अशी सारी मुले एका नाल्याकाठच्या चार गल्ल्यांत एकवटलेली असणे यांत जीवनमरणाचे अंतर आहे, आणि कागदावरची सरासरी मात्र दोन्ही वेळी तीच राहते.

लस घेतलेले मूल स्वतः वाचते, शिवाय रोगाची साखळीही तोडते. त्यामुळे शेजारच्या घरातील, नऊ महिने पूर्ण न झाल्याने पहिल्या मात्रेची वाट पाहणाऱ्या तान्ह्या अर्भकावरही त्या लसीची छाया पडते. हे सामूहिक संरक्षण कोठवर पोचले आहे, हे एकट्या मुलाची तपासणी करून कळायचे नाही. त्याच्या आसपास कोण राहते आणि त्यांपैकी किती जणांनी लस घेतली आहे, हे पाहावे लागते, आणि त्यासाठी नकाशाच हाती घ्यावा लागतो.

या मोजदादीचा मला सर्वांत बोधप्रद वाटणारा दाखला बांगलादेशातील मतलब या नदीनाल्यांनी वेढलेल्या मुलखातला आहे. तेथे १९८५ मध्ये तोंडावाटे द्यावयाच्या पटकीच्या लसीची चाचणी झाली. काहींना लस आणि तुलनेसाठी काहींना निष्प्रभ मात्रा देण्यात आली. पुढे मोहम्मद अली, मायकेल एम्च, जॉन क्लेमेन्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जुनी दप्तरे पुन्हा उघडली, आणि नकाशावरील घराच्या प्रत्येक ठिपक्याला त्या घराची नोंद जोडणाऱ्या भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने, एका अंगणाभोवतीच्या घरांच्या प्रत्येक समूहात किती जणांनी लस घेतली होती, याचा हिशेब मांडला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष विलक्षण होता. निष्प्रभ मात्रा घेतलेल्या, म्हणजे वस्तुतः लस न मिळालेल्या माणसांत, जेथे लसीकरण शेकडा २८हून कमी होते तेथे दर हजारी सात जणांना पटकी झाली, तर जेथे निम्म्याहून अधिक लोकांनी लस घेतली होती तेथे हे प्रमाण हजारी दीडपर्यंत उतरले. या दुसऱ्या प्रकारच्या वस्त्यांत लस घेणारा व न घेणारा यांच्यातील फरक इतका पुसट झाला होता, की तेवढेच पाहणाऱ्याने लस निकामी ठरवली असती! तिचे यशच तिचे अपयश म्हणून दप्तरी नोंदले गेले असते. नकाशाने तो अनर्थ टाळला.

कोलकात्यात वस्त्यांचे ८० गट पाडून झालेल्या विषमज्वराच्या लसीच्या चाचणीतही लस घेतलेल्यांना शेकडा ६१ आणि त्याच गटांतील लस न घेतलेल्यांना शेकडा ४४ संरक्षण लाभले. पण त्यासाठी इतके दूर जाण्याचेही कारण नाही. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की नवी मुंबईची हद्द लागते. तेथील महानगरपालिकेने १४ जुलै ते २५ ऑगस्ट २०१८ या अवधीत नऊ महिने ते १४ वर्षे वयाच्या १,१३,४२० मुलांना विषमज्वराची संयुग्मित लस दिली. सरकारी यंत्रणेने अशी लस सार्वत्रिक मोहिमेत वापरण्याचा हा जगातील पहिला प्रसंग. २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी निम्म्या केंद्रांच्या हद्दी पहिल्या टप्प्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडण्यात आल्या. त्यानंतर रुग्णालयांत येणाऱ्या तापकरी मुलांच्या रक्ताची तपासणी होऊन, ती मुले कोणत्या वस्तीतली, हे पाहण्यात आले. आणि मोहीम झालेल्या वस्त्यांत, त्या विशिष्ट मुलाने लस घेतली असो वा नसो, विषमज्वर शेकडा ५६ने कमी भरला.

आमच्या उपनगरांत हे मोजदादीचे काम अधिक कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. घाटकोपरच्या नकाशावर एखादे वर्तुळ काढावे, तर ते रुळांच्या दोन्ही बाजू कवेत घेते, पण पूर्वेचे मूल पश्चिमेच्या मुलाला कदाचित कधीच भेटत नाही. असल्फ्याच्या टेकडीवर घरे पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली, तर अंधेरीच्या उत्तुंग इमारतीत शेकडो मुले एकाच ठिपक्यात सामावलेली. त्यातच अकरा महिन्यांच्या करारावर खोली बदलणारे कुटुंब, ज्याच्या बाळाची नोंद गावच्या केंद्रात आणि वास्तव्य बोरिवलीत! जुलै २०२०च्या कोविड रक्तसर्वेक्षणात दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या परिसरांतील तीन विभागांत झोपडपट्टीत शेकडा ५७ आणि इतरत्र शेकडा १६ लोकांत प्रतिपिंडे आढळली होती. एकाच हद्दीत इतकी भिन्न जगे नांदत असता, कित्येक लाख वस्तीच्या विभागाची एकच टक्केवारी जाहीर करणे ही दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आकडा वस्तीनिहाय काढला पाहिजे आणि जाहीरही तसाच केला पाहिजे. मात्र कोणत्या घरातील मूल लसीवाचून राहिले, हा तपशील आरोग्यखात्याच्या दप्तराबाहेर जाता कामा नये.

हा नकाशा अखेर तुमच्याआमच्या उंबरठ्यावर भरला जातो. दाराशी आलेल्या आरोग्यसेविकेला मुलाचे वय, लसींच्या तारखा आणि राहण्याचा खरा पत्ता सांगा. लसीचे कार्ड गावी राहिले असेल तर मागवून घ्या. आणि खोली बदललीत, तर त्याच आठवड्यात जवळच्या केंद्रात जाऊन मुलाचे नाव नोंदवा.