नवा चिमटा घ्यावा काय?

गेल्या श्रावणांतील गोष्ट. आमच्या थोरल्या चिरंजिवांचा मुलगा धुळ्यास काकांकडे राहून शिकतो. एका रविवारीं लळिंगच्या किल्ल्याकडून डोंगरी सायकलीवरून परततांना तो उताराच्या खडकाळ वाटेवर पडला आणि उजवें मनगट प्लास्टरांत घालून जळगांवास घरीं आला. घरांत लागलीच दोन पक्ष पडले. सूनबाई म्हणाल्या, "सायकल आधीं विकून टाका." नातू म्हणाला, "आजोबा, सायकल चांगली आहे. तिचा पुढचा शॉकॲबचा चिमटा तेवढा हलक्या प्रतीचा आहे. नवा बसविला कीं झालें." या नव्या चिमट्याची किंमत सबंध सायकलीच्या निम्म्याहून अधिक होती!

वडीलकीमुळें निकाल देण्याचें काम आमच्याकडे आलें. जन्मभर आम्हीं मुलांना विभक्ति व समास शिकविले; चिमट्याचें व्याकरण मात्र आम्हांस अगदीं नवें. तेव्हां प्रथम आम्ही स्वतः विद्यार्थी झालों. जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवितों, कारण असा वाद आज आणखीही पुष्कळ घरांत चालू असेल.

या चिमट्याच्या नळ्या एकमेकींत सरकतात व आंत स्प्रिंग असते. खड्डा आला कीं स्प्रिंग दबते आणि धक्का हातापर्यंत कमी पोंचतो. परंतु हें अर्धेंच काम झालें. दबलेली स्प्रिंग एकदम न उसळतां सावकाश परत यावी, यासाठीं आंतील तेल बारीक छिद्रांतून वाहावयास लावून तिचा वेग आवरावा लागतो. नवशिक्यांच्या स्वस्त सायकलींत ही दुसरी योजना बहुधा नांवापुरतीच असते. त्यामुळें लागोपाठ दगड आले म्हणजे चाक भुईवर टेकण्याऐवजीं उड्या मारूं लागतें. चांगल्या प्रतीच्या पुष्कळ चिमट्यांत लोखंडी स्प्रिंगेच्या जागीं कोंडलेली हवा असते. ती बसणाराच्या वजनाप्रमाणें कमी-अधिक करतां येते, आणि चिमटाही बराच हलका होतो. नातवाचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें, हें आम्हांस कबूल करावें लागलें.

तथापि दुसरी बाजूही आहे. डोंगरी सायकलीचा खेळ अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील मरीन परगण्यांत रूढ झाला. तेथील डोंगरउतारावरची प्रसिद्ध शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं प्रथम झाली. ते तरुण जुन्या जड सायकलींवरून, साध्या ताठ चिमट्यानिशीं उतरत. पॉल टर्नर याची रॉकशॉक्स कंपनी निघाली ती १९८९ सालीं. आणि त्यानंतरच असे चिमटे या खेळांत सर्रास झाले. मधल्या बारा-तेरा वर्षांत धक्का सोसला तो रुंद टायरांनीं आणि बसणाराच्या हातापायांनीं. मग आमच्या नातवाच्या सायकलीचे टायर तरी धक्का सोसण्याच्या स्थितींत होते काय?

सायकल धुळ्याहून मागवून आम्हीं ती एका अनुभवी कारागिराकडे नेली. टायरांत हवा इतकी ठासून भरलेली कीं अंगठ्यानें दाबून तीं तसूभर दबेनात. धूळ अडविणाऱ्या रबरी कड्यांपाशीं खानदेशच्या काळ्या मातीचा थर बसलेला. दोन वर्षांत चिमटा एकदांही उघडून साफ केलेला नव्हता. शेवटीं कारागिरानें पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेंपुढें हलविली, तों मानेंतून 'खट् खट्' असा आवाज आला. चिमटा ज्या मानेंत फिरतो तेथील छर्रे ढिले झाले होते! हँडल उतारावर कां डगमगलें, याचा उलगडा तेथें झाला. ढिल्या मानेंत नवा चिमटा बसवून मान न आवळती, तर मुलगा पुनः पडता. सायकल घेऊन देतांना आम्हीं पैसे मोजले, पण तिची निगा त्यास शिकविली नाहीं, ही चूक आमची.

पुढें चिमट्याचा विचार. नातवानें निवडलेला चिमटा त्याच्या सायकलीस बसलाच नसता. त्याचा मानेंत जाणारा दांडा खालीं दीड इंचापर्यंत जाड होत गेलेला, तर आमच्या सायकलीस सरळ २८.६ मिलिमीटरचा दांडा लागतो. त्याचा आंस १५ मिलिमीटरचा, म्हणजे पुढचें चाकही नवें घ्यावें लागतें. शिवाय त्याची दबण्याची मर्यादा १२० मिलिमीटर, आणि आमचा सांगाडा १०० मिलिमीटरसाठीं बांधलेला. चिमटा वीस मिलिमीटरनें उंच झाला कीं सायकलीचें तोंड वर उचललें जातें, मानेचा कल सुमारें एक अंशानें बदलतो, वळणें जड होतात आणि मानेच्या जोडावर ताण वाढतो. चाकाचें माप व ब्रेक बसविण्याची जागा हींही जुळावीं लागतात. दांडा मापानें कापण्याचें काम जाणत्याकडूनच करावें; एकदां आखूड कापला कीं तो वाढत नाहीं.

निकाल असा दिला: प्रथम मान आवळावी, चिमटा साफ करावा, हवा योग्य ठेवावी, आणि मनगट बरें झाल्यावर दोन महिने सायकल तशीच चालवावी, एवढ्यानें न भागल्यास मग नवा चिमटा. दोन महिन्यांनीं नातू म्हणाला, "आजोबा, बारा आणे त्रास गेला, चार आणे उरला." तो आपली चूक न लपवितां बोलला, म्हणून आम्हीं निम्मे पैसे दिले, निम्मे त्यानें साठविले. चिमटा आला तो हवेचाच, पण १०० मिलिमीटरचा. बसल्यावर तो वीस ते पंचवीस मिलिमीटर खालीं जाईल एवढी हवा भरून घेतली.

सायकल विकली गेली नाहीं. आतां रविवारीं पहांटे सूनबाईंचा धुळ्यास फोन जातो. "जपून जा" असें त्या म्हणत नाहींत. "पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवून पाहिलीस का रे?" एवढेंच विचारतात.