खांद्यावरची बंदूक, कमरेचे पिस्तूल

महाराष्ट्र विधानसभेची २०२४ सालची निवडणूक १५ ऑक्टोबर रोजी जाहीर झाली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. मुंबईहून किंवा दिल्लीहून पाहणाऱ्यास या तारखांत काही विशेष वाटण्याचे कारण नाही. परंतु पुणे जिल्ह्याच्या भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत हेच पाच आठवडे भात पिवळे पडण्याचे, कापणीचे आणि झोडणीचे असतात. खाचराच्या कडेला माळा घालून रात्र जागवण्याचे दिवस ते हेच. रानडुकरांच्या कळपांना हंगाम कळावयास पंचांग लागत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत, आचारसंहिता लागू होताच, परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेण्याचा परिपाठ सुरू होतो. सरकारनेच दिलेल्या परवान्यावर पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी ती खांद्याला लावून सडकेवर उघडपणे दिसतो तो बहुधा एकाच दिवशी, म्हणजे ती पोलिसांच्या हवाली करावयास निघतो त्या दिवशी!

शस्त्र घेऊन चाललेला नागरिक आणि त्याला वाटेत भेटलेला पोलीस यांच्यात काय घडावे, हे कायद्याने मोघम ठेवलेले नाही. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा; तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यातील एकोणिसावे कलम या दृष्टीने मुद्दाम वाचावे असे आहे. शस्त्र घेऊन जाणाऱ्या कोणाही इसमाकडे पोलीस अधिकाऱ्याने प्रथम परवाना मागावयाचा. परवाना दाखवला गेला नाही, किंवा परवान्यावाचून ते शस्त्र नेण्याचा हक्क सिद्ध करता आला नाही, तर त्याचे नाव व पत्ता विचारावयाचा आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र ताब्यात घ्यावयाचे. नाव सांगावयास तो नकार देईल, ते खोटे असल्याचा किंवा तो पसार होण्याचा संशय येईल, तेव्हाच त्याला अधिपत्रावाचून अटक करता येते. पायरीपायरीने चढणारे हे कलम आहे. बंदूक दिसली की हात धरा, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

त्याच्या शेजारचे विसावे कलम मात्र वेगळ्या धाटणीचे आहे. ज्या रीतीने किंवा ज्या परिस्थितीत शस्त्र नेले जात आहे त्यावरून ते बेकायदा हेतूसाठी वापरले जाईल असा रास्त संशय येत असेल, तर तेथल्या तेथे अटक करता येते व शस्त्र जप्त करता येते. आणि हे, त्या शस्त्राला परवाना असो वा नसो. परवाना असो वा नसो, हे शब्द महत्त्वाचे आहेत. शेतावर जाणाऱ्याच्या खांद्यावरील बंदुकीसाठी एकोणिसावे कलम आणि जमिनीच्या तंट्यात कमरेचे पिस्तूल काढून दाखवणाऱ्यासाठी विसावे, अशी ही सरळ वाटणी आहे. व्यवहारात मात्र दोन्ही कलमांनी आपसांत जागा बदलल्या आहेत की काय, असा प्रश्न पडतो. गरिबाच्या हातातील शस्त्र दिसले की संशय आधी येतो आणि परवान्याची चौकशी मागाहून होते. सधनाच्या हातातील शस्त्र दिसले की परवाना आहे एवढ्यावर संशय मिटतो.

ही खोड आजची नव्हे. या मुलखात तिला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. मराठेशाहीत गावाची आणि गडाची राखण ज्यांच्याकडे होती त्यांत रामोशी प्रमुख. हत्यार घेऊन उघडपणे हिंडणे हेच त्यांचे काम होते आणि त्याबद्दलच त्यांना वतन होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्या काळचे पोलीस तेच. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल आला आणि पुरंदर व आसपासच्या गडांवरील राखणदारांचे हक्क एकामागून एक गेले. हत्यार तेच, हात तेच, वाट तीच. कालपर्यंत जो पहारेकरी होता तो दरोडेखोर ठरला. उमाजी नाइकांचे बंड यातून उभे राहिले. पुढचा भाग त्याहूनही बोलका आहे. बंड मोडत नाही असे दिसल्यावर कंपनी सरकारने १८२७-२८ च्या सुमारास त्यांना माफी दिली आणि डोंगरी मुलखाच्या बंदोबस्तासाठी पगारावर ठेवले. म्हणजे बंदूक पुन्हा कायदेशीर झाली! ते जमले नाही, उमाजी पुन्हा बाहेर पडले, त्यांच्यावर इनाम लागले आणि १८३१ च्या डिसेंबरात ते पकडले गेले ते भोरलगतच्या उत्रौलीस. १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी झाली. ज्या कॅप्टन मॅकिन्टॉशने हा पाठलाग केला त्यानेच पुढे रामोशांवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. शस्त्रधारी माणूस राखणदार की गुन्हेगार, हे त्याच्या कृत्यावरून ठरत नाही, सरकारला तो त्या वर्षी कसा सोयीचा वाटतो यावरून ठरते, हे या एका आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसेल.

पुढे १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रबंदीचा कायदा झाला आणि परवाना ही गोष्ट हिंदुस्थानात पक्की झाली. लगेच पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडके याच पुणे जिल्ह्यात रामोशांना हाताशी धरून उठले. निःशस्त्र केलेल्या देशाची ही सल राष्ट्रीय चळवळीत दीर्घ काळ टिकली. इतकी की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क समाविष्ट होता. परंतु १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी तसा हक्क घालण्याची सूचना मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येकाने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार आणावे असा हक्क दिला तर राज्यकारभार चालेल कसा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. ती सूचना नामंजूर झाली आणि घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात हक्क आला तो शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. तो निर्णय योग्यच होता. जातीपातींनी आणि सत्तेच्या उतरंडीने भरलेल्या समाजात शस्त्राचा हक्क सर्वांना दिला म्हणजे तो सर्वांना सारखा मिळेल, ही भाबडी समजूत ठरली असती.

ज्या देशाने तो हक्क दिला तेथे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत पिस्तूल कमरेला लावून उघडपणे फिरता येते, आणि तेवढ्यावरून पोलिसाने हटकावे की नाही यावर न्यायालयात वाद होतात. २०१६ साली मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय परवानाधारकाची मोटार पोलिसाने थांबवली. आपल्याजवळ पिस्तूल आहे असे त्याने स्वतःहून सांगितले. काही क्षणांत पोलिसाच्या गोळ्यांनी तो मेला. २०१७ साली ज्यूरीने त्या पोलिसास निर्दोष ठरवले. घटनेतला हक्क आणि खिशातला परवाना ही दोन्ही हाताशी असूनही हात कोणाचा, हा प्रश्न उरलाच.

भोर-वेल्ह्याकडे परत वळावयाचे तर येथील बंदूक मूळची गरजेची. तिचे रूपही गरिबीचे आहे. दारू भरा, गजाने ठासा, टोपी लावा आणि एकदा बार काढला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. असल्या हत्याराने कोणी दरारा बसवील हे संभवत नाही. कायद्यालाही याची जाण आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे अधिनियमाचे तेरावे कलम सांगते. इकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे डुकरावर नेम धरावयास वेगळी परवानगी लागते, त्यामुळे परवाना असूनही बंदुकीचा उपयोग मुख्यत्वे आवाज काढण्यापुरताच. फटाक्याने भागेल ते काम बंदुकीने कशाला, असे शहरात विचारले जाईल. ज्यांनी मार्गशीर्षाच्या आधीच्या रात्री खाचरावर काढल्या आहेत त्यांना हा प्रश्न पडत नाही. फटाक्याला डुकरे चार दिवसांत सरावतात.

आता याच खोऱ्यांत दुसऱ्या जातीचे शस्त्र शिरले आहे. पुणे-सातारा महामार्ग रुंद झाला, भाटघर, पानशेत, वरसगावच्या पाण्याकाठच्या जमिनींना भाव आला, गुंजवणीच्या खोऱ्यापर्यंत फार्महाऊसच्या कुंपणांची तार पोहोचली. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. तथापि त्याच्याही आधी जमीनखरेदीच्या जाहिरातींनी राजगड हे नाव पळवले होते. जेथे जमिनीला भाव येतो तेथे मोजणी, हरकत, कब्जा आणि दमदाटी ही मंडळी पाठोपाठ येतात. शेजारच्या मुळशी तालुक्यातील प्रकरण सर्वांना स्मरत असेल. जमिनीच्या वादात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या आईने शेतकऱ्यांसमोर पिस्तूल रोखल्याचा आरोप झाला. प्रसंग २०२३ सालचा, गुन्हा नोंदला गेला २०२४ च्या जुलैत, आणि तोही त्या प्रसंगाची चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरल्यावर. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल. परंतु मधले वर्षभराहून अधिक काळ त्या शस्त्राचा परवाना निर्वेध होता ही गोष्ट खटल्यावाचूनही दिसते. बीड जिल्ह्यात तर २०२४ च्या अखेरीस झालेल्या सरपंचाच्या हत्येनंतर परवान्यांची मोजदाद झाली आणि परवान्यांची खिरापत किती वाटली गेली होती हे उघड झाले. मग रद्द करण्याची धांदल उडाली.

शस्त्र कायद्याच्या कडकपणात कमतरता आहे असे नाही. २०१६ च्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात किंवा पिशवीत असावे आणि ते परजू नये असे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वरातीत किंवा मिरवणुकीत हौसेने गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या सदतिसाव्या कलमाखाली जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे हुकूम तर वारंवार निघत असतात. त्यांत बंदुकीबरोबर काठीही येते. (तोरण्याच्या वाटेवर काठीवाचून कोण चालतो, हे त्या हुकमाचा मसुदा करणाऱ्यास कोणी विचारत नाही.) उणीव आहे ती पाहणाऱ्या डोळ्यांत.

अर्थात पोलिसाचीही बाजू आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. वेल्हे, भोर आणि नसरापूरचे राजगड या ठाण्यांच्या हद्दी डोंगराळ. रात्रीच्या गस्तीला दोन शिपाई, हातात काठी, आणि समोर अंधारात बंदूकधारी आकृती. ती राखणदाराची की शिकाऱ्याची की आणखी कोणाची, हे ओळखावयास त्यांच्याजवळ काय साधन आहे? एकोणिसाव्या कलमाच्या पायऱ्या शांतपणे चढावयाच्या तर आधी माणूस ओळखीचा हवा. त्यासाठी नवे काही शोधावयास नको. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने गावोगावी पोलीस पाटील आहे. आपल्या गावात कोणाकडे कसले शस्त्र आहे, ते राखणीचे की मिरवण्याचे, आणि गेल्या वर्षी ते कोणावर रोखले गेले, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? ती माहिती ठाण्याच्या वहीत वेळेवर चढली तर गस्तीचा शिपाई निर्धास्त होईल आणि शेतकरीही. ती तशी चढत नाही याचे एक कारण पाटलाची भीड हेही आहे. बंगल्यातल्या पिस्तुलाची नोंद देण्यास जी हिंमत लागते ती मानधनात बसत नाही.

निवडणुकीतील शस्त्रजमेचेही असेच. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे हा प्रश्न आला होता, आणि सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेण्याऐवजी छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून ठरवावे, असा मार्ग तेथून निघाला. निवडणूक आयोगाच्या सूचनाही त्याच वळणाच्या आहेत: जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले यांच्याकडे मुख्यत्वे पाहावयाचे. छाननी म्हणजे निवडणे. पण निवडावयास वेळ आणि माहिती लागते, सरसकट नोटिशीला केवळ सायक्लोस्टाइलचे, आता संगणकाचे, यंत्र पुरते. त्यामुळे जी यादी सर्वांत लांब होते तीत खऱ्या संशयिताला लपावयास सर्वांत अधिक जागा मिळते. आणि निकालानंतर शस्त्र परत मिळेपर्यंत भात खळ्यावर गेलेले असते किंवा डुकरांनी नेलेले असते.

पुढची विधानसभा निवडणूक मुदतीप्रमाणे झाली तर २०२९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे पुन्हा कापणीतच येईल. जिल्ह्याच्या छाननी समितीला डोंगरी तालुक्यांतील ठासणीच्या बंदुकांचे आणि महामार्गालगतच्या पिस्तुलांचे परवाने वेगळे काढून, दोन्हींच्या मागील पाच वर्षांच्या तक्रारी तपासावयास तोपर्यंत पुरेसा अवधी आहे. ते काम त्या वर्षीच्या गौरी-गणपतीपूर्वी संपावयास हवे. दसऱ्याला आचारसंहितेची कुजबूज सुरू होते आणि मग कोणीही यादी वाचत बसत नाही.