तरुणांची भक्ति कशानें वाढेल ?

"हल्लींच्या पोरांना देवधर्म नको" ही तक्रार वडीलधाऱ्यांच्या तोंडीं नित्य असते. हिंगोली जिल्ह्यांतील पुसेगांवकरांनीं तरी ती करण्यापूर्वीं क्षणभर विचार करावा. कारण नामदेवरायांचें जन्मस्थान म्हणून पूज्य असलेलें नरसी याच जिल्ह्यांत आहे, आणि गुरु विसोबा खेचर यांची व त्यांची भेट जेथें झाली असें परंपरा सांगते, तें औंढा नागनाथहि येथलेंच.

भक्ति हा उतारवयाचा उद्योग आहे, असें आमच्या संतांनीं कधींच मानिलें नाहीं. १२९० सालीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हां ज्ञानदेवांचें वय अवघें पंधरा वर्षांचें होतें; नामदेव त्यांच्याहून पांचच वर्षांनीं वडील. मग दोष तरुणांचा, कीं त्यांच्या हातीं कांहींच न सोंपविणाऱ्या वडिलांचा ?

सप्ताह बसतो तेव्हां मुलांच्या वांट्यास काय येतें ? सतरंज्या घालणें, पत्रावळी उचलणें आणि मागें गप्प बसणें. त्यांनीं अभंगाचा अर्थ विचारला, तर तो उद्धटपणा ! भक्तीलाहि शिक्षण लागतें हें ओळखूनच विष्णुबुवा जोग यांनीं १९१७ सालीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. व्यापारी मंडळी रोषणाईसाठीं व कर्ण्यांसाठीं जो पैसा देतात, त्यांतील कांहीं भाग टाळ-मृदंग, पोथ्या व शिकविणारे बुवा यांवर वर्षभर खर्च व्हावा. आणि जनाबाईचे अभंग गाणाऱ्यांनीं मुलींच्या हातीं मृदंग देण्यास संकोच कां करावा ?

परंतु याहून मोठी गोष्ट समतेची. चोखोबांना देवळाबाहेर ठेवणारी रूढि इतकी चिवट, कीं पंढरीचें मंदिर सर्वांस खुलें व्हावें म्हणून सानेगुरुजींना १९४७ च्या मे महिन्यांत उपोषण करावें लागलें. दार उघडलें, पण पंगतीचें काय? वर्गांतील सोबत्याचें पान वेगळें मांडलेलें ज्या मुलानें पाहिलें, त्याला भूतदयेवरील कीर्तन पटावें तरी कसें ? मुलें कानांपेक्षां डोळ्यांनीं अधिक शिकतात.

आमची सूचना एवढीच : पुढील सप्ताहांत दोन कामें तरुणांच्या स्वाधीन करा, वर्गणीचा हिशेब आणि पंगत. हिशेब उघडा राहील व पंगत एकच बसेल, अशी आमची खात्री आहे. इतकें करूनहि पोरें देवळाकडे फिरकलीं नाहींत, तर मग त्यांस खुशाल बोल लावा.