‘ह्या पाण्याक भरती येता काय?’

पहाटे ५.४०. गजर व्हायच्या आधीच जाग आली, ती यादीमुळे. क्षेत्रभेटीच्या दिवशी शिक्षकाच्या डोक्यात निसर्ग कमी आणि यादी जास्त असते. पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं, गाडी लागणाऱ्यांसाठी पिशव्या, एक सुंभाची दोरी आणि शाळेची एकुलती एक दुर्बीण. पाचवी ते सातवीची मिळून सत्तावीस मुलं. फेब्रुवारीत दोन तारखेला जागतिक पाणथळ दिन असतो, म्हणून धामापूर तलाव ठरला. मला तो दिवस निमित्तापुरताच हवा होता. खरं कारण वेगळं. मागच्या महिन्यात वर्गात विचारलं, “मालवण शहरातल्या नळाला पाणी कुठून येतं?” तर सत्तावीसपैकी पंचवीस हात ‘टाकीतून’ म्हणाले. उरलेले दोघे गैरहजर होते.

७.१५. शाळेसमोर मुलं माझ्याआधी हजर. समोर समुद्र, डावीकडे ओढून ठेवलेल्या होड्या. यातली निम्मी मुलं रापणीच्या घरातली. वारा कुठून सुटला हे ती चेहऱ्यावर घेऊन सांगतात, पण डोंगराकडे पाठ करूनच वाढलेली आहेत. ठरवलेली गाडी पाऊण तास उशिरा आली. चालकाने पंक्चर सांगितलं. त्याच्या शर्टाला इस्त्री होती आणि हाताला काळं नव्हतं. असो.

८.४०. मालवण–कुडाळ रस्ता. चौके मागे पडलं, आंबे मोहरलेले, काजूलाही फूल. आतापर्यंत दोघांना उलट्या झाल्या. पिशव्या पुरल्या.

९.१०. बांधावर उतरलो. तलाव एकदम दिसतो, आणि दिसला की मुलांचा आवाज आपोआप खाली येतो. तिन्ही बाजूंनी झाडीचे डोंगर, पायाशी जांभ्याच्या रुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, आणि काठावर भगवतीचं देऊळ. मी शांततेवर दोन शब्द बोलणार, इतक्यात पाचवीतल्या एकाने विचारलं, “बाई, ह्या पाण्याक भरती येता काय?”

मोठी मुलं हसली. मी त्यांना गप्प केलं, कारण प्रश्न अगदी योग्य होता. ज्याने जन्मापासून पाणी सहा तास चढताना आणि सहा तास उतरताना पाहिलंय, त्याने स्थिर पाण्याबद्दल आधी हेच विचारायला हवं. उत्तर दिलं नाही. पाण्याच्या कडेला, पायरीच्या फटीत एक काडी रोवायला लावली आणि वहीत वेळ लिहायला सांगितली: ९.२५.

९.४५. पायऱ्यांवर बसून गणिताचा तास. “सिंधुदुर्ग किल्ला आधी की हा तलाव?” सगळे एका सुरात, “किल्लो!” मग फळा नसताना हिशेब केला. किल्ल्याचा पायाचा दगड 1664 साली बसला. हा तलाव 1530 सालचा, विजयनगरच्या सत्तेचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलेला. वजाबाकी एकशे चौतीस. शिवरायांचा जन्म 1630चा, म्हणजे ते जन्मले तेव्हा हे पाणी शंभर वर्षं अडवलेलं होतं. एका मुलीला हे मुळीच आवडलं नाही. तिच्या मते महाराजांच्या आधी काही असणं बरोबर नाही.

पण ‘बांधलेला’ या शब्दावर गाडी अडली. मुलांना तलाव हा समुद्रासारखा, देवाने करून ठेवलेला वाटत होता. मग बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नेलं. इथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये विहिरी तळ दाखवतात, कारण जांभा पाणी धरत नाही आणि उतारावरून बाकीचं समुद्राला मिळतं. कुणीतरी हे नीट पाहिलं, दोन डोंगरांमधली सखल जागा हेरली, मातीचा बांध घातला, त्याला दगडाचा पदर लावला. जास्तीच्या पाण्याला सांडवा, शेताकडे पाट. यंत्र नाही, पंप नाही. मागचे डोंगर झाडांनी झाकलेले राहिले म्हणून तळ्यात गाळ कमी उतरला. एवढ्यावर पाच शतकं काम चालू आहे. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिःसारण आयोगाने याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. त्याच यादीत आंध्रातला कंबमचा तलावही आहे, तोही विजयनगरच्याच काळातला. हे ऐकून एकाने विचारलं, “जागतिक म्हणजे मालवणात पण?” मी हो म्हटलं.

पायऱ्या मोजायचं काम तिघांना दिलं. तिघांचे तीन आकडे आले आणि भांडण झालं.

१०.४०. देवळात. जुनी गोष्ट सांगितली: लग्नकार्याला दागिने नसले की गावकरी परडीत फुलांचे दागिने करून पाण्यात सोडत आणि देवी खरे दागिने देत असे. काम झालं की ते परत करायचे. एकाने परत केले नाहीत, तेव्हापासून ते बंद झालं, असं सांगतात. मुलांनी लगेच त्या माणसाला शिव्या घातल्या. गोष्ट मला आवडते ती चमत्कारासाठी नव्हे. उसनं घेतलेलं परत करायचं, हा पाण्याचाच करार आहे.

११.१५. काठाची पायवाट. सावली दाट, पाचोळा जाड. नियम एकच: पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. दुर्बीण प्रत्येकाकडे वीस सेकंद. पहिली तीन मिनिटं छान गेली. पाण्यातल्या खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. “ह्यो आमच्या रापणीवर पण येता,” रापणकराचा मुलगा कुजबुजला. नियम मोडला, पण निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. पानांवरून कमळपक्षी चालत गेला, लांब बोटांनी भार पसरत. टिबुकल्या बुडत आणि भलत्याच ठिकाणी वर येत. त्या कुठे निघतील यावर पैजा लागल्या, आणि मी त्या थांबवल्या नाहीत.

मग डोक्यावरून आवाज आला, जुनी कणगी ओढावी तसा. धनेशाची जोडी. पंखांचा आवाज एवढा मोठा असू शकतो यावर मुलांचा विश्वास बसेना. मी सांगितलं: याच दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर फळं आणून भरवतो. त्याला काही झालं तर आत बसलेल्यांचं काय होतं हे मी बोलले नाही. सातवीतली मुलगी म्हणाली, “म्हंजे बापूस मासळी घेवन येयपर्यंत आवस घरात.” वादळाच्या रात्री तिच्या घरी हेच होत असणार. पुढे कुणी काही बोललं नाही. पाच मिनिटांची शांतता अखेर मिळाली, पण त्या नियमामुळे नव्हे.

१.००. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. दहा मिनिटांत फस्त. मग काठावरच्या बाटल्या आणि कुरकुऱ्यांची पाकिटं वेचली, अर्धं पोतं भरलं. आमची नव्हती. इथे येणारे बरेचजण पाण्याला पाठ करून फोटो काढतात, आणि हात मोकळे करायला असेल ते खाली टाकतात. ज्या पाण्याने शहराच्या घागरी भरतात त्याच्या काठावर हे करणाऱ्याला मी पाहुणा म्हणत नाही.

२.१५. बांधाच्या खालच्या बाजूला उतरलो. सगळा डोंगर पिवळा पडलेला आणि इथे कुणगे हिरवेगार. वायंगण भात. धामापूर आणि काळसे, या दोन गावांची शेती या पाण्यावर आहे. पाटाच्या कडेला एक आजोबा खोरं घेऊन उभे होते. मुलांनी विचारलं, “आजोबा, पाऊस नाय, मगे भात कसा?” ते म्हणाले, “जूनातला पाणी आमी आता खातंव.” मुलांनी पाटात हात बुडवले. मी दीड तास समजावलेलं पाणी त्यांना तिथे एका वाक्यात कळलं, आणि मला थोडा रागही आला.

३.२०. काडी. सहा तास होत आले होते. पाणी जिथे होतं तिथेच. प्रश्न विचारणारा बराच वेळ वाकून पाहत राहिला.
“म्हंजे ह्यां पाणी पळणा नाय.”
“पळत नाही.”
“मगे आमच्या नळाक कसा येता?”
तेव्हा सांगितलं. त्याने वळून तळ्याकडे पाहिलं, मग मालवणच्या दिशेला. अंतर मोजल्यासारखं. पंधरा-सोळा किलोमीटर. “एवढ्या लांबसून?” म्हणाला, आणि अर्धी भरलेली बाटली ओतणार होता ती झाकण लावून पिशवीत ठेवली. याच गडबडीत एकाची चप्पल पाण्यात गेली. सुंभाच्या दोरीने काढता आली नाही.

५.०५. शाळेसमोर. मुलं उतरली ती थेट वाळूकडे धावली. ओहोटी होती.

रात्री ८.३०. क्षेत्रभेटीचा अहवाल. शीर्षकाच्या जागी ‘पाणथळ जागेस भेट’. विद्यार्थी २७, परत आले २७. पाहिलेले पक्षी १४. कचरा अर्धं पोतं. हरवलेली चप्पल १, डावी. पायऱ्यांची संख्या: तीन आकडे आले आहेत, पुढच्या वर्षी पुन्हा मोजाव्या लागतील.