भंगारातली मोटर, पांढरा फ्लेक्स आणि पहिला रोबो

हुबळीच्या केशवापुरातल्या पाच-सहा शाळकरी मुलांनी रोबोटिक्सची टीम काढायची म्हटलं, की पहिली अडचण पैशांची. महागडं किट परवडत नाही, मग स्पर्धेत उतरायचं कशाच्या जोरावर?

2004 साली अमेरिकेत सांता बार्बराला पाण्याखालच्या रोबोंची स्पर्धा झाली. फीनिक्सच्या कार्ल हेडन हायस्कूलमधल्या, स्थलांतरित मेक्सिकन कुटुंबांतल्या चार मुलांनी पीव्हीसी पाइप जोडून सुमारे 800 डॉलरांत रोबो उभा केला होता. पाइप चिकटवायच्या सोल्युशनच्या उग्र वासामुळे त्याचं नाव पडलं ‘स्टिंकी’. इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीत पाणी झिरपू लागलं, तेव्हा मुलांनी दुकानातून टॅम्पॉन आणून आत ठेवले. ती मुलं पहिली आली. दुसरा नंबर एमआयटीचा होता.

हुबळीत हाताशी बरंच काही आहे. गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप आहेत. सरकत्या खिडक्या बनवणाऱ्यांकडे ॲल्युमिनियम चॅनलचे तुकडे उरतात. गाडीच्या वायपरची 12 व्होल्टची मोटर भंगारात मिळते. ती फिरते सावकाश, पण ओढते जोरात. पांढऱ्या पाठीचा जुना फ्लेक्स उलटा अंथरून त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावली, की रेषेवरून चालणाऱ्या रोबोचं मैदान तयार.

काटकसर करू नये ती बॅटरीत. नव्या टीमची हमखास फसगत करते ती 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. रोबो हातात उचलून धरला की चाकं छान फिरतात. जमिनीवर ठेवताच मोटारी जास्त करंट ओढतात, व्होल्टेज कोसळतं आणि रोबो चालवणारा आर्डुइनो बोर्ड रीसेट होतो. मुलं मात्र प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. त्यात मोटर चालवणारा स्वस्त एल298एन ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. 6 व्होल्ट दिले तर मोटरपर्यंत जेमतेम 4 पोचतात. म्हणून पहिली खरेदी मल्टिमीटरची करावी. तो काही शे रुपयांत येतो आणि असा दोष दोन मिनिटांत दाखवतो.

साधनं मागायलाही लाजू नये. 2016 पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. जवळच्या अशा शाळेला बेधडक विचारावं. विद्यानगरच्या केएलई टेकमध्ये तर रोबोटिक्सचा अभ्यासक्रमच आहे. कॉलेजच्या मुलांसाठी आयआयटी मुंबईची ‘ई-यंत्र’ स्पर्धा आहे. तिचे सुरुवातीचे टप्पे अलीकडे संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये होतात, त्यामुळे सुटे भाग विकत घेण्याआधीच हात बसतो.

सगळ्यात जास्त जपायचा तो वेळ. स्पर्धेत पाच कामं असली तरी पहिल्या वर्षी एकच निवडावं, यंत्र लवकर उभं करावं आणि उरलेले आठवडे फक्त चालवून बघण्यात घालवावेत. प्रत्येक फेरीनंतर काय तुटलं, कुठली वायर निसटली, बॅटरी किती व्होल्टवर होती, हे वहीत लिहावं. दहावीची मुलं शाळा सोडून गेली, तरी पुढच्या वर्षीची टीम ती वही उघडून कामाला लागू शकते.