पहिल्या दिवसाचे कागद

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी काही घडत नाही, अशी विधानभवनात सर्वमान्य समजूत आहे. आमदार तसं सांगतात, अधिकारी तसं सांगतात, आणि मुंबईहून आलेले वार्ताहर दुपारनंतर तर्री पोह्यांची चांगली टपरी शोधायला मोकळे होतात. वंदे मातरम्, राज्यगीत, नव्या मंत्र्यांचा परिचय, कागदपत्रं, शोकप्रस्ताव, की बैठक स्थगित. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे पहिले दिवस पत्रकार कक्षात बसून पाहत आलो आणि माझं मत हळूहळू बदलत गेलं. पुढचे दिवस भांडणाचे असतात. कायद्याची आणि पैशाची मुदत धावू लागते ती याच दिवशी, आणि तेव्हा निम्मे सदस्य शेजाऱ्याशी बोलत असतात.

हे सगळं नागपुरात का, याचं उत्तर २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात आहे. विदर्भ मराठी राज्यात यायचा, तर सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्काम करावा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन विदर्भात व्हावं, असं तेव्हा ठरलं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राजधानीपण गेल्याची भरपाई म्हणून आलेली ही प्रथा १९६०पासून चालू आहे. तिच्यात खंड पडलेत. करोनामुळे २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं सरकार आलंच नाही, तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या रंगाऱ्यापासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांना करार आठवला.

आदल्या दिवसापर्यंत रामगिरी, देवगिरी, रवी भवन, नाग भवन, आमदार निवास या मुक्कामाच्या इमारतींची रंगरंगोटी उरकलेली असते. दारांवरच्या पाट्या बदललेल्या असतात. मंत्रालयातून फाइलींचे गठ्ठे आलेले असतात. संध्याकाळी रामगिरीवर मुख्यमंत्र्यांचं चहापान. त्यावर विरोधक बहिष्कार टाकतात. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, कालचे यजमान आज विरोधात गेले की तेही पहिला बहिष्कार चहावरच टाकतात. दोन्ही बाजूंच्या पत्रकार परिषदा होतात. अधिवेशन किमान किती आठवड्यांचं हवं यावर विरोधक बोलतात, आणि आम्ही चर्चेला तयार आहोत असं सरकार सांगतं. या दोन बातम्यांचा साचा माझ्या संगणकात कायमचा ठेवलेला आहे. नावं तेवढी बदलावी लागतात.

सकाळी दहाच्या सुमारास विधानभवनाच्या पायऱ्यांवर गर्दी होते. कुणाच्या गळ्यात संत्र्यांची माळ, कुणाच्या गळ्यात कापसाची बोंडं, हातात फलक. कॅमेरामन खालच्या बाजूला गुडघ्यावर बसलेले. घोषणा कितीही उत्स्फूर्त वाटली, तरी ती कोण आधी देणार हे ठरलेलं असतं, आणि एखाद्या वाहिनीचा कॅमेरा उशिरा आला तर ती पुन्हा एकदा दिली जाते. सत्ताधारी आमदार बाजूच्या दाराने आत जातात, आणि त्यांच्याकडेही उत्तरादाखल फलक असले तर तेही पायऱ्यांवर येतात. मग घंटा वाजते. ती लांबलचक घंटा ऐकली की गळ्यातली माळ कार्यकर्त्याच्या हातात जाते आणि सदस्य आत वळतात. बहुतेक वाहिन्यांचा दिवस इथे संपतो.

आत गेल्यावर मी आधी 'दिवसाच्या कामकाजाचा क्रम' ताब्यात घेतो. साधासा छापील कागद, त्यावर एकाखाली एक आकडे. पहिल्या दिवशी त्यात एक नोंद हमखास असते : अध्यादेश सभागृहासमोर ठेवणे. वंदे मातरम्, राज्यगीत झालं, परिचय झाले, तालिका सभाध्यक्षांची नावं वाचली गेली, की एकेक मंत्री उठतो. 'अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीने मी महाराष्ट्र अध्यादेश क्रमांक अमुक सभागृहासमोर ठेवतो.' अध्यक्ष म्हणतात, 'अध्यादेश सभागृहासमोर ठेवण्यात आला आहे.' मंत्री खाली बसतो. दुसरा उठतो. एका अध्यादेशाला अर्धा मिनिटही लागत नाही. संबंधित मंत्री जागेवर नसला तर त्याच्या वतीने दुसरा उठतो, आणि आपण नेमकं काय ठेवतो आहोत हे त्याला वाचतानाच कळतं.

या अर्ध्या मिनिटाचं वजन समजून घ्यायला पुण्याला जावं लागतं. विधिमंडळ चालू नसताना तातडीची गरज पडली तर राज्यपालांना अध्यादेश काढता येतो, हा अनुच्छेद २१३. तो अधिवेशन सुरू होताच सभागृहांपुढे ठेवायचा, आणि तिथून सहा आठवड्यांत त्याचं विधेयक मंजूर झालं नाही तर तो संपतो. तिथल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची गॅझेटं तपासली आणि १९८३ साली त्यावर पुस्तक काढलं. १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले होते. अधिवेशन संपलं की जुनाच अध्यादेश नव्या क्रमांकाने यायचा. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९८६मध्ये न्यायालयाने ही रीत म्हणजे राज्यघटनेची फसवणूक असल्याचं सांगितलं.

तरीही प्रश्न उरलाच. बिहारमध्येच १९८९मध्ये ४२९ खासगी संस्कृत शाळा अध्यादेशाने सरकारने ताब्यात घेतल्या. त्यापाठोपाठ आणखी अध्यादेश निघत राहिले, आणि त्यांतला एकही विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही. शेवटचा अध्यादेश संपला तेव्हा शिक्षक ना सरकारचे राहिले, ना आधीसारखे संस्थेचे. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने निकाल दिला : अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं हा उपचार नाही, ते बंधनकारक आहे. शिक्षकांना कायमचा हक्क मिळाला नाही. दिलेला पगार परत घेऊ नये, एवढाच दिलासा मिळाला. आपल्या सभागृहात जे अर्ध्या मिनिटात होतं ते तिथे न झाल्याची किंमत त्या शिक्षकांनी मोजली. तेव्हापासून मंत्री कितीही पुटपुटत वाचो, मी क्रमांक लिहून घेतो आणि समोर सहा आठवड्यांनंतरची तारीख टाकतो.

पुढची नोंद पुरवणी मागण्यांची. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो, पण वर्षभर तो पुरत नाही. एखाद्या योजनेला जास्त पैसा लागतो, केंद्राचा वाटा आला की राज्याचा घालावा लागतो, न्यायालयाच्या आदेशाने देणं निघतं. अनुच्छेद २०५ त्यासाठी वाट ठेवतो. पहिल्या दिवशी या मागण्या सादर होतात आणि जाड पुस्तकं वाटली जातात. ७ डिसेंबर २०२३ला नागपुरात पहिल्याच दिवशी ५५,५२० कोटी रुपयांच्या मागण्या आल्या. १६ डिसेंबर २०२४ला ३५,७८८ कोटींच्या. मुंबईत ३० जून २०२५ला पावसाळी अधिवेशन उघडलं तेव्हा ५७,५०९ कोटींच्या. हे आकडे सभागृहात कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. मंत्री 'सादर करतो' म्हणतात आणि बसतात.

पुस्तक उघडलं की विभागवार मागणी क्रमांक, लेखाशीर्ष आणि खाली बारीक अक्षरात कारण दिसतं. वाचायला शिकल्यावर खरी मजा कारणांच्या रकान्यात असते. एखाद्या ठिकाणी कोट्यवधींचं काम असूनही मागणी फक्त हजार रुपयांची. पैसा त्याच विभागात दुसरीकडे शिल्लक असतो, नव्या कामाकडे वळवायला सभागृहाची परवानगी तेवढी हवी असते, म्हणून ही नाममात्र मागणी. स्थूल आकडा आणि निव्वळ भार यांतही अंतर असतं. जून २०२५च्या ५७,५०९ कोटींमध्ये तिजोरीवर निव्वळ भार ४०,६४४ कोटींचा होता. उरलेल्या रकमेचा मेळ केंद्राचं अनुदान, कर्ज, पुस्तकी समायोजन यांत बसतो. संध्याकाळी वाहिन्यांवर मोठा आकडा फिरतो, कारण तो पहिल्या पानावर असतो.

या मागण्यांवर दोन-तीन दिवस चर्चा होते. सगळ्या विभागांवर बोलायला वेळ पुरत नाही, आणि शेवटी उरलेल्या मागण्या एकदमच मताला टाकतात. त्याला आम्ही सगळे गिलोटिन म्हणतो. मग विनियोजन विधेयक येतं. २८८ सदस्यांच्या सभागृहात गणपूर्तीला एकदशांश, म्हणजे २९ पुरतात, आणि आठवडाअखेरीस विमानांची वेळ झाली की बाकांकडे पाहून हिशेब करायची वेळही येते. पुस्तक चाळायचं तर ते पहिल्याच रात्री.

अध्यक्षांच्या आसनाच्या खाली, सभागृहाच्या मधोमध एक टेबल असतं. तिथे सभागृहातलं बोलणं शब्दशः टिपणारे प्रतिवेदक बसतात. पत्रकार कक्षातून त्यांच्या माना तेवढ्या दिसतात. ही मंडळी पाळीपाळीने येतात. आलेला प्रतिवेदक वाकून, कुणाच्याही समोरून न जाता बसतो, आधीचा उठतो, आणि या बदलात एक वाक्यही सुटत नाही. राज्यघटनेनुसार सभागृहात मराठी, हिंदी, इंग्रजी या तीन भाषांत बोलता येतं, आणि एखादा सदस्य एका श्वासात तिन्ही बोलतो. ध्वनिमुद्रण असलं तरी एकाच वेळी पंधरा जण उभे राहिले की मुद्रणात नुसता कल्लोळ येतो. कोणता आवाज कुणाचा, हे समोर बसलेल्या माणसालाच कळतं.

थोड्या वेळाने त्या पाळ्यांची टंकलिखित पानं येतात. वर लिहिलेलं असतं : 'असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही.' पानाच्या शेवटी 'यानंतर' आणि पुढच्या प्रतिवेदकाचं आडनाव. एकाचं पान जिथे थांबतं तिथून दुसऱ्याचं सुरू होतं, मग भाषण वाक्याच्या मध्ये तुटलेलं असलं तरी. पायऱ्यांवरून आत आलेला गोंधळ या पानांवर एका ओळीत आटोपतो : अनेक सन्माननीय सदस्य एकाच वेळी बोलत होते. अध्यादेश मात्र क्रमांकासह, मंत्र्याच्या पदनामासह, पूर्ण वाक्यात असतो. पायऱ्यांवरच्या तासाभराला एक ओळ आणि अर्ध्या मिनिटाच्या वाचनाला अख्खा परिच्छेद. पन्नास वर्षांनी ग्रंथालयात कुणी हा दिवस उघडला, तर त्याला हेच प्रमाण दिसणार.

शेवटी शोकप्रस्ताव. मधल्या काळात वारलेल्या आजी-माजी सदस्यांची नावं अध्यक्ष एकेक करून घेतात : जन्म कुठला, शिक्षण काय, कुठून किती वेळा निवडून आले, कुठली सूतगिरणी, कुठलं वसतिगृह काढलं. मोठा नेता असला की सगळे पक्ष बोलतात. पण यादीत तळाशी असे माजी आमदार असतात, ज्यांचं नाव आजच्या सभागृहात कुणीच ऐकलेलं नसतं. एकदा अशा नावावर मागच्या बाकावरचे एक ज्येष्ठ सदस्य परवानगी मागून उभे राहिले आणि ते गृहस्थ एसटीने अधिवेशनाला यायचे, एवढंच सांगून बसले. त्या दिवसाच्या सगळ्या भाषणांत माझ्या वहीत टिकलेलं ते एकच वाक्य. मग दोन मिनिटं स्तब्धता, आणि बैठक दिवसापुरती स्थगित.

बाहेर आलो की फाटकापलीकडचा चहावाला विचारतो, 'काहून जी, आज लवकरच सुटली का सभा?' त्याचा धंदा सभा लांबण्यावर असतो. तिकडे यशवंत स्टेडियमहून निघालेले मोर्चे टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवलेले असतात. त्या बंदोबस्ताला मोठा इतिहास आहे. २३ नोव्हेंबर १९९४ला अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. त्यांत बायका आणि मुलं फार होती. आज बॅरिकेडपाशी पोलीस निवडक पाच-सात जणांचं शिष्टमंडळ गाडीत बसवून मंत्र्यांकडे नेतात. अंगणवाडीताई असोत, कंत्राटी कामगार असोत, परत येणाऱ्याच्या हातात निवेदनाची दुसरी प्रत असते आणि तिच्यावर शिक्का असतो. मोर्चात पहिली चौकशी मंत्री काय म्हणाले याची नसते, शिक्का मिळाला का याची असते. दर वर्षी येणाऱ्यांना ठाऊक आहे की त्यांच्या मागणीसाठी पैसा ठेवला का, हे सकाळी वाटलेल्या पुस्तकात आधीच छापलेलं आहे. ते पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ते आम्हाला विचारतात, 'साहेब, पुरवणीत आमचं काही आलं का?'

या प्रश्नाचं उत्तर देता यावं, एवढ्यासाठी तरी वार्ताहराने पहिल्या दिवशी आत बसावं. नव्याने आलेल्या पोरांना मी दोनच गोष्टी लिहून घ्यायला सांगतो : ठेवलेल्या प्रत्येक अध्यादेशापुढे सहा आठवड्यांची तारीख, आणि पुरवणी मागण्यांचा निव्वळ भार. पायऱ्यांवरचा बाईट काय, व्हॉट्सअॅपवर कुणीही पाठवतं.