उजेडात धुतली जाणारी काच

'स्मार्ट' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. फोन स्मार्ट, शहर स्मार्ट, शाळेचा वर्गही स्मार्ट. आता शास्त्रज्ञ 'स्मार्ट पृष्ठभागां'विषयी बोलतात. या शब्दाने दिपून जाण्याचे कारण नाही, आणि तो हसण्यावारी नेण्याचेही नाही. त्याच्यामागे नेमके काय आहे ते समजून घ्यावे, आणि मग त्याला आपले प्रश्न विचारावेत.

वस्तूचा बाहेरच्या जगाशी संबंध येतो तो तिच्या पृष्ठभागामार्फत. पाणी तिच्यावर पसरते की घरंगळते, उजेड आत शिरतो की परत फिरतो, जंतू टिकतो की मरतो, यातले पुष्कळसे अगदी वरच्या पातळ थरावर अवलंबून असते. बहुतेक पृष्ठभागांचा स्वभाव कायम असतो. काहींचा मात्र ऊन, उष्णता, वीज किंवा ओलावा लागताच बदलतो, आणि ते कारण दूर झाले की पुष्कळदा पूर्ववत होतो. टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थराचा रंग विजेने बदलून निळा होतो, हे सत्येन देब यांनी १९६९ मध्ये दाखवले. एक प्लास्टिकसारखा पदार्थ सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली पाणी धरून फुगतो आणि त्याच्यावर ते सोडून आकसतो. त्याच्या थरावर वाढवलेल्या पेशी नुसत्या थंड केल्या की न फाटता अखंड सुटून येतात. अशा पृष्ठभागाला बुद्धी नसते. त्याची घडण अशी असते की बाहेरून धक्का मिळाला की तो ठरावीक उत्तर देतो, इतकेच.

अशा अनेक पदार्थांपैकी एकाचाच विचार येथे करावयाचा आहे. त्याचे नाव टायटॅनियम डायऑक्साइड. नाव अवघड असले तरी पदार्थ आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. भिंतीच्या पांढऱ्या ऑइलपेंटचा पांढरेपणा बहुधा त्याचाच असतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू सापडते, तिच्यातील इल्मेनाइट या खनिजात टायटॅनियम असते. काळ्या वाळूतून पांढराशुभ्र रंग निघतो.

हा पदार्थ उन्हात स्वस्थ बसत नाही, याचा अनुभव रंगाऱ्यांना फार जुना आहे. उन्हात राहिलेल्या जुन्या पांढऱ्या भिंतीवर हात फिरवला की हाताला खडूसारखी पूड लागते. ऊन रंगाला खातेच, पण या कामात आतला टायटॅनियम डायऑक्साइडही हात देतो. त्याच्या आसपासचा चिकट द्रव्याचा बंध तो उन्हाच्या मदतीने तोडतो. म्हणून रंगाचे कारखानदार त्याच्या कणांवर दुसऱ्या पदार्थाचे कवच चढवतात. जो गुण रंगाला दोष वाटला, तोच पुढे उपयोगाचा ठरला.

अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश पाडला असता पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन आणि हायड्रोजन वायू मिळाले. याचा अर्थ असा की प्रकाशाचा नील-अतीत, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, किरण या पदार्थावर पडला की त्यातील इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि मागे एक रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा इलेक्ट्रॉनसाठी भुकेलेली असते. शेजारच्या पाण्याकडून, मळाकडून, ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून ती तो ओढून घेते. या ओढाताणीत तेलकट मळ, धुराचा थर, जंतूचे शरीर यांचे कार्बनी बंध तुटतात, आणि शेवटी बहुतांशी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते.

दुसरा गुण त्याहून विलक्षण आहे. अळवावरचे पाणी आपण पाहतो. थेंब मोत्यासारखा गोल राहतो, पान हलले की धूळ घेऊन ओघळून जातो, आणि पान कोरडे ते कोरडेच. या पदार्थाच्या थराचे उन्हात अगदी उलट होते. जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवले की अंधारात ठेवलेल्या थरावर थेंब फुगीर बसतो, त्याच्या कडेचा कोन सत्तर अंशांच्या घरात असतो. नील-अतीत किरण पडल्यावर तो कोन शून्यावर येतो. थेंब थेंब राहतच नाही, पाण्याचा सलग पापुद्रा होतो. थर पुन्हा अंधारात ठेवला की हळूहळू जुना स्वभाव परत येतो. याच्या कारणाविषयी दोन मते आहेत. काहींच्या मते पृष्ठभागाची रचनाच तात्पुरती बदलते, तर काहींच्या मते वरचा अदृश्य तेलकट थर जळून गेल्याने पाणी पसरते.

हे दोन गुण एकत्र आले की काच स्वतःला धुऊ लागते. ऊन मळाची पकड सोडवते. पावसाचे पाणी पापुद्र्यासारखे मळाखाली शिरते आणि त्याला खाली घेऊन जाते. पिल्किंग्टन या कंपनीने २००१ मध्ये अशी काच बाजारात आणली. तिच्यावरचा थर सुमारे १५ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील पंधरा. रोम शहरात २००३ मध्ये पूर्ण झालेल्या एका चर्चच्या पांढऱ्या भिंतींसाठी असेच सिमेंट वापरले गेले.

येथपर्यंत ही विज्ञानाची गोष्ट झाली, आणि ती अभिमानाची आहे. तिने एक जुना भ्रमही फोडला आहे. मळ म्हणजे अणूंचे काही बंध. ते तुटले की मळ संपला. मळ ही पदार्थाची अवस्था आहे, ती कोणत्याही माणसाच्या जन्माला चिकटत नाही. ज्या समाजाने मळ काढणाऱ्यालाच मळ मानले, त्याला पंधरा नॅनोमीटरच्या या थरानेही उत्तर दिले आहे.

पण या थराच्या मर्यादा पाहिल्या म्हणजे दुसरी गोष्ट ध्यानात येते. त्याला नील-अतीत किरण हवेत, आणि सूर्यप्रकाशात ते शेकडा पाचच्या आसपासच असतात. अंधारात तो निष्क्रिय होतो. म्हणूनच जंतुनाशक फरश्या करताना त्यात तांबे किंवा चांदी मिसळण्याची युक्ती काढावी लागली. माती-धूळ त्याला मोडता येत नाही, ती पाण्याबरोबर नुसती खाली वाहते. खाली म्हणजे कोठे? नाल्यात आणि गटारात.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये शौचकूपासाठी एक अत्यंत निसरडा लेप जाहीर केला. विष्ठा त्याला चिकटत नाही आणि पाण्याची मोठी बचत होते. तो उजेडाला प्रतिसाद देणारा नाही, पण हेतू तोच: पृष्ठभाग स्वच्छ राहावा. भांडे स्वच्छ राहील, यात शंका नाही. भांड्यातून गेलेले कोठे तरी तुंबेलच, आणि ते जेथे तुंबते तेथे ऊन नाही, पाऊस नाही, थर नाही. तेथे आजवर उतरला तो माणूस, आणि तो कोणत्या वस्तीतून आला हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगावयास नको.

१९९३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्यासाठी माणूस नेमण्यास बंदी केली. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्याचेही काम गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. भरपाई वाढते याचा अर्थच हा की मरण थांबलेले नाही.

विज्ञानाला येथे काही सुचत नाही असे म्हणता येणार नाही. केरळात २०१८ पासून मॅनहोल साफ करणारे यंत्र कामाला लागले आहे. म्हणजे प्रश्न ज्ञानाचा नाही, ते प्रथम कोणाच्या दारी न्यावयाचे याचा आहे. उंच इमारतीच्या काचेवर पडलेला डाग मालकाच्या डोळ्यांना दिसतो, म्हणून तेथे संशोधन आणि पैसा लवकर पोहोचतो. गटाराच्या तळाचा अंधार त्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

हा पृष्ठभाग प्रकाश मिळाला की बदलतो, आणि अंधारात ठेवला की जुन्या स्वभावावर जातो. आपल्या समाजाचेही याहून निराळे नाही. काच धुण्याची विद्या आपल्या मुलांनी अवश्य शिकावी, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हक्काने बसावे. मात्र तेथे बसल्यावर पहिला प्रश्न त्यांनी हा विचारावा: ऊन जेथे पोहोचत नाही, तेथे काम करणारा थर कोण, केव्हा तयार करणार?